निकालाआधीचा हिशेब : मुलांच्या कॉलेजचा खर्च किती आणि कसा उभारायचा?

दरवर्षी मे-जून महिन्यात बारावीचा निकाल लागतो. मोहल्ल्यात पेढे वाटले जातात, मामू-खालांचे फोन येतात आणि दोन-तीन दिवसांनी घरात खरा प्रश्न उभा राहतो, "आता पुढे काय? आणि पैसे कुठून?" मग धावपळ सुरू होते. कोणी दागिने मोडतो, कोणी गावाकडचा जमिनीचा तुकडा विकायला काढतो, कोणी ओळखीच्या माणसाकडून महिना तीन टक्क्यांनी रक्कम उचलतो. जिथे यातले काहीच जमत नाही, तिथे चांगले गुण मिळवलेला मुलगा चुलत्याच्या गॅरेजमध्ये किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसतो आणि मुलीसाठी स्थळे पाहायला सुरुवात होते.

आपल्या समाजात शिक्षणाची ओढ नाही, असे आता कोणी म्हणू नये. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशभरात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते आणि त्यांत जवळजवळ निम्म्या मुली होत्या. ही बाब आनंदाची आहे. पण त्या वर्षी देशातले एकूण विद्यार्थी ४ कोटी ३३ लाख होते. म्हणजे शंभरात आपली मुले पाचही नाहीत. लोकसंख्येत आपण १४ टक्क्यांच्या आसपास आहोत. मधल्या दरीची कारणे अनेक आहेत. त्यातले एक कारण मात्र घरात बसून, कागद-पेन घेऊन कमी करता येण्यासारखे आहे. ते म्हणजे खर्चाचा अंदाज आधी न बांधणे. या लेखात आम्ही त्याच हिशेबाची मांडणी करीत आहोत.

फी हा खर्चाचा अर्धाच भाग

कॉलेजचा खर्च म्हटला की आई-वडील फीचा आकडा विचारतात. मूल घरातून जाऊन-येऊन शिकणार असेल तर तेवढे बऱ्याच अंशी पुरते. पण मूल परगावी जाणार असेल तर फी हा हिशेबाचा लहान भाग ठरतो.

एक उदाहरण घेऊ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावातून मुलगी पुण्याला खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात चार वर्षांसाठी जाणार आहे, असे समजा. आकडे आम्ही केवळ समजण्यासाठी धरले आहेत. आपण आपल्या मनातल्या कॉलेजचे आणि शहराचे आकडे घालावेत.

वर्षाची फी : १,२०,००० रुपये.
राहणे आणि मेस, महिना ९,००० प्रमाणे बारा महिने : १,०८,००० रुपये.
पुस्तके, जर्नल, परीक्षा शुल्क, प्रोजेक्ट : १५,००० रुपये.
गावी येणे-जाणे आणि शहरातला प्रवास : १२,००० रुपये.
कपडे, मोबाइल, औषधपाणी, किरकोळ : १५,००० रुपये.

वर्षाची बेरीज होते २ लाख ७० हजार. चार वर्षांचे १० लाख ८० हजार आणि एकदाच घ्यायच्या लॅपटॉपचे ५० हजार धरले, तर एकूण ११ लाख ३० हजार रुपये. यात फीचा वाटा ४ लाख ८० हजार, म्हणजे निम्म्याहून कमी! "फी माफ झाली, आता काळजी नाही" असे म्हणणाऱ्या पालकांनी ही बेरीज एकदा पाहावी. संपूर्ण फी माफ झाली तरी या उदाहरणात साडेसहा लाख रुपये लागणारच आहेत.

याशिवाय दोन खर्च असे आहेत जे कॉलेज सुरू होण्याआधीच समोर येतात. पहिला प्रवेश परीक्षांचा. सीईटी किंवा नीटचा क्लास लावायचा ठरला, तर अकरावी-बारावीतच एवढा खर्च होतो की पुढच्या कॉलेजसाठी ठेवलेली रक्कम तिथेच संपते. दुसरा खर्च प्रवेशाच्या आठवड्याचा असतो. फॉर्मचे पैसे, कागदपत्रांच्या फेऱ्या, प्रवेश निश्चितीची रक्कम, होस्टेलची अनामत, गादी-बादलीपासून सगळे सामान. हे सारे पंधरा दिवसांत येते आणि हप्त्याने देता येत नाही. त्यासाठी वेगळी रोख बाजूला हवी.

कोणते कॉलेज, यावर आकडा ठरतो

एकाच पदवीसाठी दोन कॉलेजांच्या फीमध्ये कितीतरी पटींचा फरक असतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि खासगी वैद्यकीय महाविद्यालय यांतले अंतर सर्वांना ठाऊक आहे. आयआयटीत बी.टेक.ची शिकवणी फी वर्षाला दोन लाख आहे. पण कुटुंबाचे उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर ती पूर्ण माफ होते आणि एक ते पाच लाखांच्या दरम्यान असेल तर दोन-तृतीयांश माफ होते. म्हणजे सर्वांत नामांकित ठिकाण हे गरीब घरासाठी सर्वांत स्वस्तही ठरू शकते.

महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. २०१५ च्या कायद्याने हे प्राधिकरण आले आहे. प्रत्येक कॉलेजची मंजूर फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. दलालाच्या किंवा एजंटच्या तोंडी आकड्यावर विसंबण्याचे कारण नाही.

खर्च कमी करणारे काही रस्तेही आधीच माहीत असावेत. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा करून थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. अनुदानित कॉलेजातले बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. आजही कमी खर्चात होते. काम करता करता शिकणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या अनेक घरांत माहीत नसते. मुस्लिम अल्पसंख्याक दर्जा असलेल्या व्यावसायिक कॉलेजांत राज्यातील त्या समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा असतात. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामसारख्या संस्थांची तांत्रिक महाविद्यालये आहेत, पुण्यात आझम कॅम्पस आहे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा फॉर्म भरताना अल्पसंख्याक असल्याची नोंद केली नाही, तर हा दरवाजा आपणच बंद करून घेतो.

महागाईची गाठ

आता मुलगी तिसरीत, आठ वर्षांची आहे असे समजा. कॉलेजला दहा वर्षे आहेत. आजचा ११ लाख ३० हजारांचा खर्च तेव्हा किती होईल? शिक्षणाचा खर्च वर्षाला आठ टक्क्यांनी वाढेल असे धरले, तर दहा वर्षांत तो दुपटीहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे २४ लाख ४० हजार होतो. सोपा आडाखा असा : ७२ या आकड्याला महागाईच्या टक्क्यांनी भागा. उत्तर येईल तितक्या वर्षांत खर्च दुप्पट होतो. आठ टक्क्यांना नऊ वर्षे, सहा टक्क्यांना बारा वर्षे.

हा आकडा पाहून अनेकांची छाती दडपेल. महिना तीस हजार कमावणारा माणूस २४ लाख कुठून आणणार? पण सगळे पैसे पहिल्या दिवशी लागत नाहीत आणि सगळे आपल्या साठवणीतूनच यावेत असेही नाही. आमच्या मते सामान्य कुटुंबाने या खर्चाचे तीन वाटे करावेत. एक वाटा आधीपासून साठवायचा. दुसरा फी सवलत, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह यांतून मिळवायचा. तिसरा शिक्षण चालू असताना घरच्या महिन्याच्या कमाईतून काढायचा. दहा वर्षांनी कमाईही आजच्याएवढीच राहणार नाही.

म्हणजे साठवायचे लक्ष्य झाले सुमारे ८ लाख १३ हजार. हे दहा वर्षांत नुसते डब्यात टाकून जमवायचे तर महिना ६,८०० रुपये लागतील. तीच रक्कम वर्षाला सरासरी दहा टक्के वाढेल अशा ठिकाणी गुंतवली, तर महिना चार हजारांच्या आत काम भागते. दहा टक्क्यांची हमी कोणी देत नाही, हे लक्षात ठेवावे. पण कपाटात ठेवलेला पैसा महागाईशी शर्यत हरतो, एवढे तरी यातून स्पष्ट होते.

आणि सुरुवात उशिरा केली तर? मूल दहावीत, म्हणजे हातात तीनच वर्षे असतील, तर आजचा ११ लाख ३० हजारांचा खर्च तेव्हा १४ लाखांवर जातो. त्याचा तिसरा वाटा साठवायलाही महिना तेरा हजारांहून जास्त लागतात. अशा घराने साठवणुकीपेक्षा सवलती आणि कागदपत्रे यांवर जास्त भर द्यावा.

पैसा ठेवायचा कुठे?

इथे आपल्या घरांत एक खरी अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणे आम्हाला योग्य वाटत नाही. बँकेची मुदत ठेव, पीपीएफ, मुलींसाठीची सुकन्या समृद्धी योजना हे सर्व व्याजावर चालतात. अनेक कुटुंबे रिबा म्हणून त्यांपासून दूर राहतात. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. मात्र "व्याज नको" याचा अर्थ "बचतच नको" असा होऊ नये. आपल्याकडे नेमके हेच झाले आहे. बँकेत नको म्हणून पैसा घरात राहिला आणि घरात राहिला म्हणून खर्च झाला.

व्याज टाळणाऱ्यांसाठी मार्ग आहेत. शरीयतच्या निकषांवर कंपन्या निवडून त्यांच्या शेअर्समध्ये पैसा गुंतवणारे म्युच्युअल फंड भारतात आहेत. टाटा एथिकल फंड आणि टॉरस एथिकल फंड ही त्यांतली नावे. दारू, जुगार, व्याजाचा धंदा करणाऱ्या आणि फार कर्जबाजारी कंपन्या यातून वगळलेल्या असतात. महिन्याला थोडी थोडी रक्कम यात टाकता येते. पण हा शेअर बाजाराचा पैसा आहे, तो वर जातो तसा खालीही येतो. म्हणून कॉलेजला सात-आठ वर्षे किंवा जास्त अवकाश असेल तरच या वाटेने जावे आणि शेवटच्या दोन-तीन वर्षांत हळूहळू रक्कम बाहेर काढून सुरक्षित ठेवावी. प्रवेशाच्या वर्षीच बाजार पडला तर मुलीला "एक वर्ष थांब" असे सांगता येत नाही.

सोने ही आपल्या घरातल्या बायकांची जुनी बचत आहे. शिक्षणासाठी सोने घ्यायचे असेल तर दागिन्याऐवजी नाणे किंवा वळे घ्यावे. दागिन्यात घडणावळ जाते आणि मोडताना जीवही होत नाही. भिशी ओळखीच्या, विश्वासाच्या माणसांत असेल तर तीही उपयोगी आहे. भिशीचा नंबर प्रवेशाच्या महिन्यात यावा असे आधी ठरवून घ्यावे. जास्त नफ्याचे आमिष दाखवून "हलाल गुंतवणूक" या नावाने पैसे गोळा करणाऱ्यांपासून मात्र कोसभर दूर राहावे. नावात हलाल असल्याने धंदा हलाल होत नाही आणि बुडालेला पैसा परत येत नाही.

ज्यांना सरकारी योजनांत पैसे ठेवणे मान्य आहे, त्यांनी सुकन्या समृद्धीचा विचार जरूर करावा. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी खाते उघडावे लागते. वर्षाला किमान २५० रुपये आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. मुलगी १८ वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर उच्च शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते.

दुसरा वाटा : सवलती आणि कागदपत्रे

शिष्यवृत्तीच्या बाबतीत आपण दोन टोकांना असतो. काहीजण म्हणतात, "आपल्याला कोण देणार?" काही म्हणतात, "सरकार सगळे देते." दोन्ही चूक. केंद्राची पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आणि संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाल्या. म्हणून कोणत्याही एका योजनेवर दहा वर्षांचा हिशेब बांधू नये. पण आज जे आहे, ते सोडूही नये.

महाराष्ट्रात २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेतून निम्म्या शिक्षण शुल्काची सवलत आहे. यासाठी प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला हा लाभ मिळत नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनेक जिल्ह्यांत अल्पसंख्याक मुलींची शासकीय वसतिगृहेही आहेत. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर होतात आणि ते दरवर्षी नव्याने भरावे लागतात. काही योजनांत एका कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ अशी अट असते. तीन-चार मुले असलेल्या घराने ती आधीच विचारून घ्यावी. सवलतीची रक्कम उशिरा जमा होणे हेही नेहमीचेच, म्हणून पहिल्या वर्षाची तजवीज हाताशी असावी.

आपली मुले मागे पडतात ती बहुतेक कागदांवर. तांबोळी, बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी, मुलाणी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसी यादीत आहेत. पण दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर बिरादरीऐवजी नुसते "मुसलमान" लिहिलेले असते आणि तिथे गाडी अडते. मग जुन्या महसूल नोंदी, जन्म-मृत्यूची नोंद, नातेवाइकांचे दाखले शोधावे लागतात. हे काम महिनोन्‌महिने चालते. निकालानंतरच्या पंधरा दिवसांत होत नाही. दाखल्यानंतर जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेयर हे टप्पे आहेतच. जे कोणत्याही आरक्षित यादीत नाहीत आणि ज्यांचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांनी आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढावा. मुस्लिम कुटुंबांनाही तो मिळतो.

नावांचा घोळ हा तर घरोघरचा प्रश्न. एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर महंमद, तिसऱ्यावर फक्त मो.; कुठे शेख आडनाव पुढे, कुठे मागे. आधार, बँक खाते आणि शाळेचा दाखला यांतले नाव जुळले नाही तर मंजूर झालेली रक्कमही खात्यात येत नाही. मूल आठवीत असतानाच ही दुरुस्ती करून घ्यावी.

कर्ज घ्यावेच लागले तर

आधी घरात आणि नात्यात कर्ज-ए-हसना मिळते का, ते पाहावे. ते तोंडी ठेवू नये. रक्कम, परतीची तारीख आणि दोन साक्षीदार कागदावर असावेत. गरजू विद्यार्थ्याच्या फीसाठी जकातीतून मदत करणाऱ्या स्थानिक संस्था बऱ्याच शहरांत आहेत. त्यांच्याकडे अर्ज करायला लाज वाटण्याचे कारण नाही. आणि ज्यांना अल्लाहने दिले आहे, त्यांनीही रमजानमध्ये जकात काढताना मोहल्ल्यातल्या एखाद्या हुशार मुलीची वर्षाची फी डोळ्यांसमोर ठेवावी.

हे सर्व संपल्यावर बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा प्रश्न येतो. ते व्याजी आहे. घ्यावे की नाही, हा निर्णय प्रत्येक कुटुंबाने आपल्या विश्वासातल्या आलिमांशी, आपली सगळी परिस्थिती मोकळेपणाने सांगून घ्यावा. घेणाऱ्यांना काही गोष्टी ठाऊक असाव्यात. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला साधारणपणे तारण मागितले जात नाही. हप्ते सहसा शिक्षण संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात, पण व्याज आधीपासून लागू असते. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळही सवलतीच्या दराने शैक्षणिक कर्ज देते. जिल्हा कार्यालयात चौकशी करावी. सावकाराचे महिना तीन टक्के म्हणजे वर्षाला ३६ टक्के! बँकेचे व्याज नको म्हणून सावकाराकडे जाणाऱ्या माणसाने हा गुणाकार एकदा स्वतः करून पाहावा.

लग्नाचा डबा आणि शिक्षणाचा डबा

शेवटी एक नाजूक बाब. मुलगी जन्मली की आपल्याकडे तिच्या लग्नासाठी पैसा बाजूला पडायला लागतो. वीस वर्षे आई एकेक वस्तू जमवते. तीच आई बारावीच्या निकालानंतर म्हणते, "पुढच्या शिक्षणाला पैसे नाहीत." पैसे असतात, ते दुसऱ्या नावाने ठेवलेले असतात. निकाह साधेपणाने करावा हे आपण व्यासपीठावरून नेहमी ऐकतो. एका दिवसाच्या जेवणावळीचा आणि हॉलचा खर्च कागदावर लिहून त्याशेजारी मुलीच्या तीन-चार वर्षांचा होस्टेलचा खर्च लिहावा. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, पण दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून घ्यावा. मुलाच्या शिक्षणाला कर्ज काढणारे आणि मुलीच्या शिक्षणाला "बघू" म्हणणारे घर तिच्यावर अन्याय करते.

"अल्लाह मालिक आहे" हे आपल्या ओठावरचे वाक्य आहे आणि ते खरेच आहे. पण हजरत युसूफ (अलै.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळासाठी धान्य राखून ठेवले होते. आधी तयारी आणि मग भरवसा, हाच क्रम आपल्याला शिकवला आहे.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. येत्या जुम्म्याला मगरिबनंतर घरातली मोठी माणसे आणि आठवीच्या पुढची मुले एकत्र बसा. मुलांना बाहेर पाठवू नका, हिशेब त्यांचाच आहे. एका वहीत प्रत्येक मुलाचे नाव, कॉलेजला उरलेली वर्षे, आजचा अंदाजे खर्च, त्याचा तिसरा वाटा आणि महिन्याला बाजूला काढता येणारी रक्कम लिहा. रक्कम पाचशे असली तरी लिहा. त्याखाली नसलेल्या कागदपत्रांची यादी करा आणि प्रत्येक कागदापुढे तो कोण आणणार, त्याचे नाव घाला. वही कुराण शरीफच्या रेहलजवळच्या कपाटात, सर्वांना सापडेल अशी ठेवा आणि दर सहा महिन्यांनी उघडा.